हातचा

कुळसंगे सर तालुक्याला ट्रेनिंगला,
म्हणजे आज चारही वर्ग माझेच.
कुलूप काढायला जाते तर व्हरांड्यात
कुणाचीतरी शेळी, तिच्या लेंड्या,
आणि पायरीवर छकुली टेकाम,
कडेवर भाऊ.
"आई वेचाले गेली. हा रडत नाई बाई, चुप राह्यते."
तो लगेच रडतो.

परिपाठात आजचा सुविचार दुर्वेशचा :
रोज आंघोळ करावी.
त्याने आज केलेली नाही
हे त्याच्या कानामागे लिहिलेलं आहे,
तरी टाळ्या.

पटावर एकतीस, समोर एकोणीस.
बाकी बारा कपाशीत,
कमरेला ओटी बांधून.
हजेरी मोबाईलमध्ये भरायची
तर रेंज फक्त हापशीच्या ओट्यावर,
तीही हात वर करून.
मी हात वर करून उभी राहते,
जणू मलाच कशाचं तरी उत्तर येतंय.
बैल घेऊन जाणारे नागोसेबुवा विचारतात,
"लागली का बाई?"
"लागत्ये, लागत्ये."

पहिलीला चिंचोके मोजायला दिले.
दुसरीला शुद्धलेखन.
चौथीला नकाशात वर्धा नदी शोधायला लावली,
त्यांना ती दोन ठिकाणी सापडली.
तिसरीसाठी फळा पुसते, तेवढ्यात बेबीबाई दारात,
"तिखट सरलं."
पर्समधून पन्नास रुपये. हिशेब मागून.
मग केंद्रातून फोन :
बारापर्यंत शौचालयाच्या नळाचा फोटो टाका,
पाणी वाहताना.
नळाला पाणी सोमवारी येतं. आज गुरुवार.
मंथन म्हणतो, मी वरून लोटा ओततो, तुम्ही खालून काढा.
मोह होतो, खरं सांगते.
कोरड्या नळाचाच फोटो पाठवते
आणि खाली लिहिते, पाणी सोमवारी.

खिचडी शिजली.
चव नोंदवहीत एक घास, एक सही.
शेरा : चांगली.
(तिखट माझंच होतं.)

दुपारी तिसरीची वजाबाकी.
बावन्न वजा सत्तावीस.
दोनातून सात जात नाहीत, मग काय करायचं?
शेजारच्या पाचाकडे जायचं,
एक दशक उसना आणायचा.
अठरा वर्षं हेच वाक्य, याच सुरात,
खडूही आपोआप पाचावर काट मारतो.

प्राजक्ता गेडाम उभी राहते.
"बाई, मंग थो वापस कवा द्याचा?"

वर्ग गप्प. पहिलीचे चिंचोकेसुद्धा थांबतात.
"आमच्या घरची साखरेची वाटी कोनी नेली
तं थे रिकामी नाई आणत.
काई ना काई टाकूनच आणते."
दुर्वेशलाही आता कंठ फुटतो,
"पाच होता थो चार झाला.
त्याले इचारलं तरी का कोनी?"

मी म्हणते, गणितात असं नसतं.
लगेच कळतं, हे उत्तर नव्हे.
खिडकीपाशी छकुली,
मांडी हलवत भावाला निजवतेय,
पाटी शेजारी पालथी.
मान वर न करता म्हणते, "पंचवीस."

आण, म्हटलं, तो माझ्याकडे दे.
तू लिही.

तास संपेपर्यंत एका हातात तो, एका हातात खडू.
तिने सहा उदाहरणं केली,
चार बरोबर,
आणि चुकलेल्या दोन्हींत
पाचाचा पाचच ठेवला होता.
ते मी चूक दिलं नाही. बरोबरही दिलं नाही.
नुसती तारीख घातली.

साडेपाचला फाट्यावर,
काळीपिवळी यायची आहे अजून.
खांद्यावर लाळेचा वाळलेला डाग,
बोटांत खडू, पर्समध्ये बावीस रुपये सुटे.
तूर वाऱ्याने एकदा वाकते, उभी राहते.

बावन्न वजा सत्तावीस पंचवीस.
बरोबरच आहे ते.
तरी उद्या त्या पाचाकडे
एकदा जाऊन यायला हवं,
वाटीत काहीतरी घालून.